चाकांवरची न्हाणी

या खेपेला पत्रांचा गठ्ठा जाड आहे आणि त्यातली निम्मी पत्रं एकाच विषयाची: मोटरहोममधली, म्हणजे चाकांवरच्या घरातली, बाथरूम घरच्या घरी कशी बदलायची. उन्हाळा तोंडावर आला की असं होतंच. नव्या वाचकांसाठी एवढंच सांगते, की इंडियानातल्या एल्कहार्टला मोटरहोमच्या कारखान्यात मी गळती तपासणीच्या खात्यात होते. तयार गाडी फवाऱ्याखाली उभी करायची आणि आत बसून पाणी कुठून येतंय ते शोधायचं, हे माझं काम. निवृत्त झाले तरी डोकं तसंच चालतं, त्यामुळे माझी उत्तरं पाण्यापासून सुरू होतात. कुठला रंग कशावर शोभेल, ते मला विचारू नका.

प्रश्न: ताई, आम्ही डॅलसजवळ राहतो. गेल्या हिवाळ्यात २००६ सालचं, २८ फुटी क्लास सी मोटरहोम जुनं घेतलं. खाली फोर्ड ई-४५० गाडीचा सांगाडा. इंजिन झकास, पण बाथरूम बघवत नाही. शॉवरचं प्लास्टिक पिवळं पडलंय, कोपऱ्यात काळी बुरशी आहे आणि कमोडसमोर उभं राहिलं की पायाखाली जमीन जरा दबते. आमच्या घरातल्या बाथरूमला आम्ही दोघांनीच टाइल्स लावल्या, त्या छान टिकल्यात. इथेही सिमेंट बोर्ड ठोकून सिरॅमिकच्या टाइल्स लावाव्यात, काचेचं दार बसवावं आणि दबणाऱ्या जागेवर व्हिनाइलची नवी फरशी टाकावी, असा बेत आहे. काय काळजी घ्यावी?

उत्तर: तुमच्या पत्रात टाइल्सवर बऱ्याच ओळी आहेत आणि दबणाऱ्या जमिनीवर एक. मी उलट्या बाजूने सुरुवात करते.

जमीन दबते याचा अर्थ खालचं प्लायवूड कुजलंय. त्यावर व्हिनाइल अंथरलंत तर ओल आत कोंडेल आणि कूज आणखी पसरेल. स्क्रू-ड्रायव्हरची मूठ घेऊन कमोडपासून भिंतीपर्यंत जमिनीवर ठोकत जा. चांगल्या लाकडाचा आवाज टणक येतो, कुजलेल्याचा बद्द. जिथे आवाज बदलतो तिथे खडूने रेघ मारा. ही रेघ कमोडपाशी सुरू होऊन बाहेरच्या भिंतीकडे गेली, तर दोष कमोडचा नसून छताचा असण्याची शक्यता धरा. कित्येक जण तळातलं लाकूड बदलतात आणि पाणी येत असतं वरून, शॉवरवरच्या प्लास्टिकच्या घुमटाला गेलेल्या चिरेतून. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

पाणी शोधायला महागडी यंत्रं लागत नाहीत. आधी पाण्याचा पंप चालू करा, सगळे नळ बंद ठेवा आणि गप्प बसा. थोड्या थोड्या वेळाने पंप आपणहून घुरघुरला, तर दाबाखालचं पाणी कुठेतरी जातंय. कमोडच्या मागे पाणी आत घेणारा एक प्लास्टिकचा व्हॉल्व्ह असतो. हिवाळ्यात गाडी नीट रिकामी न करता उभी ठेवली की तो हमखास तडकतो. त्याच्याखाली कोरडा टिश्यू पेपर ठेवा, थेंबाचा डाग लगेच दिसतो. मग शॉवरच्या तळाची जाळी बंद करून इंचभर पाणी भरा, त्यात खाण्याचा लाल रंग घाला आणि तासाभराने गाडीखाली शिरून बघा. छतासाठी दोन माणसं लागतात. एकाने वर चढून होज पाइपने सौम्य पाणी सोडायचं, खालच्या कडेपासून वर सरकत, घाई न करता. दुसऱ्याने आत बॅटरी घेऊन कपाटांचे कोपरे बघायचे. कारखान्यात आम्ही आणखी एक करायचो. पंख्याने गाडीत हवा भरून किंचित दाब द्यायचा आणि बाहेरून सांध्यांवर साबणाचं पाणी फिरवायचं. जिथे बुडबुडा येतो तिथून उद्या पाऊस आत येणार. माझ्याबरोबर काम करणारे बरेचसे लोक आमिश, म्हणजे मोटारी न बाळगणाऱ्या ख्रिस्ती पंथाचे होते. स्वतः सायकलवरून कामावर येणारी ही माणसं मोटरहोमचा सांधा नुसता बोट फिरवून ओळखायची. ती नजर तुम्हाला एका सुट्टीत येणार नाही, म्हणून साबणाचं पाणी.

गळती बंद झाली, जागा कोरडी झाली, की मगच तोडफोड. आणि तोडफोडीआधी बाहेरची वीज काढा, बॅटरीच्या वायरी सोडवा, प्रोपेनची टाकी बंद करा. जमिनीखालून गॅसची तांब्याची नळी, वायरी आणि सांडपाण्याच्या टाक्या गेलेल्या असतात. करवतीचं पातं प्लायवूडच्या जाडीएवढंच बाहेर ठेवायचं, त्याहून एक सूतही जास्त नको.

कमोड काढणं सोपं आहे: पाणी बंद, नळी सोडवायची, तळाच्या दोन नट खोलायच्या, उचलायचा. भोकात चिंधी कोंबा, नाहीतर वास आणि हातातला पाना दोन्ही टाकीतून वर-खाली करतील. आता खालचं लाकूड दिसेल. चहात बुडवलेल्या खारीसारखं ते बोटाने सुटून येईल. जिथे टणक लाकूड लागतं तिथपर्यंत चौकोनी कापा आणि कापलेल्या कडेला खालून आधाराच्या पट्ट्या द्या. त्यावर मूळच्याच जाडीचं नवं प्लायवूड बसवा. जाडी मूळचीच हवी, यावर मी अडून बसते. कमोड ज्या चकतीवर, म्हणजे फ्लॅन्जवर बसतो, ती तयार फरशीच्या पातळीला हवी. वर नवा थर चढवलात की फ्लॅन्ज खाली राहते, मधली गादी दाबली जात नाही आणि पुन्हा तेच पाणी त्याच लाकडात. ही गादी रबराची किंवा फोमची घ्या. घरातल्या कमोडखाली मेणाची असते, ती इथे नको. उन्हात तापणाऱ्या आणि रस्त्यावर हादरणाऱ्या गाडीत मेण जागचं हलतं.

आता टाइल्स. तुमच्या शॉवरच्या ओल्या भिंती सात फूट लांब आणि साडेसहा फूट उंच धरल्या, तर ४५ चौरस फूट झाले. अर्ध्या इंचाचा सिमेंट बोर्ड, टाइल आणि मधला मसाला मिळून चौरस फुटाला सात पौंडांच्या आसपास जातात. म्हणजे तीनशे पौंडांच्या वर वजन, तेही एका बाजूला. बाथरूम मागच्या टोकाला असेल तर हे वजन मागच्या चाकांच्याही मागे लोंबणार आणि पुढची चाकं तेवढी हलकी होणार. स्टिअरिंग तुमच्या हातात पुढे आहे, हे विसरू नका. गाडीच्या दारापाशी किंवा कपाटाच्या आत किती वजन भरता येईल याची चिठ्ठी असते, ती वाचा. पाण्याचं वजन गॅलनला ८.३ पौंड, म्हणजे ४० गॅलनची टाकी भरली की तिथेच ३३२ पौंड गेले. मग माणसं, भांडीकुंडी, सायकली. हायवेवरच्या ट्रक थांब्यांवर कॅट स्केलचे वजनकाटे असतात. काम काढण्याआधी एकदा भरलेली गाडी त्यावर चढवा आणि प्रत्येक आसावर किती येतं ते बघा.

वजन बसत असलं तरीही मी टाइल्सना नाहीच म्हणेन. घराची भिंत उभी असते, गाडीची भिंत वळणावळणाला पिळते. टाइल्समधला मसाला आधी केसाएवढा चिरतो, मग त्या चिरेतून पाणी मागे जातं आणि मागे सिमेंट बोर्ड असला तरी त्याच्याही मागे लाउआन नावाच्या हलक्या लाकडाचा पातळ प्लाय आहेच. जुन्या गाडीत एवढा खर्च म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. दोन्ही अर्थांनी.

त्याऐवजी फायबरग्लासचे एफआरपी तक्ते घ्या. इथल्या हॉटेलांच्या स्वयंपाकघरांत भिंतींना लावलेले असतात तेच. चार बाय आठ फुटांचा तक्ता साधारण वीस पौंडांचा, तुमच्या अख्ख्या शॉवरला तीसेक पौंडांत काम होतं. ते लवचिक चिकटद्रव्यावर बसवा, कोपऱ्यांत त्यासाठी मिळणाऱ्या पट्ट्या घाला, सांधे सिलिकॉनने भरा. मात्र सिलिकॉन आतच. छतावर कधीही नको, कारण एकदा सिलिकॉन लागलं की पुढे त्या जागी दुसरं काही धड चिकटत नाही. छताच्या रबराला चालणारं स्वतःहून पसरणारं सीलंट वेगळं मिळतं. स्क्रू मारताना लांबी मोजा. बाहेरची भिंत जेमतेम दीड-दोन इंचांची. घरच्या डब्यातला दोन इंची स्क्रू मारलात तर त्याचं टोक शेजारच्या गाडीवाल्याला दिसेल.

शॉवरचा तळ बदलत असाल तर खालच्या पोकळीकडे लक्ष द्या. हे एबीएस प्लास्टिकचे तळ पातळ असतात, पायाखाली लचकतात आणि शेवटी जाळीच्या कडेला तडकतात. तळाखाली टणक फोमचा पत्रा घाला आणि उरलेल्या फटींत कमी फुगणारा फवारा फोम भरा. तो सुकेपर्यंत तळात पाणी भरून ठेवा, नाहीतर फोम फुगून तळच वर उचलतो. पिवळं प्लास्टिक तडकलेलं नसेल तर त्याला मी हातही लावणार नाही, नुसतं घासून नवं सिलिकॉन भरेन. पण तुम्हाला ते डोळ्यांसमोर नकोच असेल, तर वरचे एफआरपी तक्ते आहेतच. काचेच्या दाराबद्दल: पडदा लावा.

बुरशी छतावरच्या पंख्याने जाईल. तिथलं भोक बहुतेक गाड्यांत १४ बाय १४ इंचांचं असतं, त्यामुळे जुनं झाकण काढून त्याच मापाचा पंखा बसतो. आंघोळ झाली की लगेच बंद करू नका, आरसा स्वच्छ होईपर्यंत चालू द्या.

प्रश्न: काकू, जूनमध्ये नाशिकहून आई-बाबा येणार आहेत. त्यांना मोटरहोमने यलोस्टोन दाखवायचं आहे. आई ७२ वर्षांची, गुडघे दुखतात. शॉवरखाली उभं राहून आंघोळ तिला जमत नाही आणि कागदाचं तर नावच नको. बाथरूम मी स्वतःच दुरुस्त करतोय, भिंत अजून उघडीच आहे. काय काय करून ठेवू? (एडिसन, न्यू जर्सी)

उत्तर: भिंत उघडी असताना विचारलंस, हे फार बरं केलंस बाबा.

पहिलं काम धरायचा दांडा. घरातल्यासारखा प्लास्टिकच्या प्लगमधल्या स्क्रूंवर तो लावू नकोस. लाउआनचा पापुद्रा आणि मागे फोम, त्यात ते काय धरणार? अमेरिकेच्या एडीए, म्हणजे अपंगांच्या सोयींच्या मानकाप्रमाणे असा दांडा २५० पौंडांचा जोर सोसणारा हवा. भिंतीतल्या दोन खांबांच्या मध्ये पाऊण इंचाचं प्लायवूड आडवं बसव आणि दांडा त्यात घट्ट कर. बाहेरची भिंत फोम चिकटवून केलेली असते, तिथे खांब सापडतीलच असं नाही, म्हणून आतली भिंत निवड. तिच्या पलीकडे कपडे ठेवायचं कपाट असेल तर सोन्याहून पिवळं. बोल्ट आरपार काढून कपाटाच्या बाजूने ॲल्युमिनियमची रुंद पट्टी लावायची. आईंच्या उंचीचा अंदाज फोनवर घे: बसून उठताना हात कुठे जातो, ते त्यांनाच घरात करून बघायला सांग. भिंतीला चिकटणारे रबरी कपांचे दांडे मिळतात, ते विसर. ओल्या प्लास्टिकवर ते कधी सुटतील याचा नेम नाही.

दुसरं, जेट स्प्रे. कमोडच्या पाण्याच्या नळीवर टी जोडून सहज बसतो. पण स्प्रेच्या आधी बंद करायची चावी असलेला टी घे, आणि वापर झाला की ती चावी बंद, ही घरात शिस्त लाव. नुसता स्प्रेचा खटका सोडला तरी नळीत दाब राहतो. रात्री नळी फुटली तर पंप टाकी संपेपर्यंत पाणी टाकत राहील. प्लास्टिकचे आटे हाताने आवळ, पान्याने नको. काळी टाकी, म्हणजे कमोडखालची, लवकर भरेल म्हणून घाबरू नकोस. त्या टाकीला पाणी हवंच असतं. कंजूषपणे पाणी घालणाऱ्यांच्याच टाकीत मळ घट्ट बसतो आणि मग तो सुटता सुटत नाही.

तिसरं, आंघोळ. इथे आपली बादली-तांब्याची सवय कामाला येते आणि अमेरिकन कॅम्पवाल्यांना याचं भारी नवल वाटतं. साधा शॉवर मिनिटाला दीडेक गॅलन सोडतो, आठ मिनिटांत बारा गॅलन. दहा लिटरची बादली म्हणजे २.६ गॅलन. यलोस्टोन पार्कच्या आत वीज, पाणी आणि सांडपाणी तिन्हींची जोडणी फक्त फिशिंग ब्रिजच्या आरव्ही पार्कमध्ये, म्हणजे मोटरहोमच्या तळावर आहे. बाकी ठिकाणी राहिलात तर करड्या टाकीत, म्हणजे आंघोळीचं पाणी साचतं त्या टाकीत, जे मावेल तेवढंच तुमचं. चौघांनी शॉवर घेतला तर दुसऱ्या दिवशी सकाळी टाकी रिकामी करायला धावावं लागेल. चौघांनी बादली घेतली तर दोन-तीन दिवस निभतात.

बादली छोटी घे, घडीची मिळते. बसायला प्लास्टिकचा पाट किंवा सपाट बुडाचं बैठं आसन बघ. चार बारीक पायांचं स्टूल ठेवू नकोस, सगळा भार चार ठिपक्यांवर येतो आणि तळ तडकतो. (तळाखाली फोम भरायचं वर डॅलसच्या उत्तरात सांगितलंय, ते तुलाही लागू.) फार बैठं आसन गुडघ्यांना त्रास देईल, तेव्हा गुडघ्याच्या उंचीचं हवं असेल तर रुंद रबरी टोपणांचं घे आणि खाली जाड रबरी चटई घाल. गाडीतला बंब बहुधा सहा गॅलनचा असतो आणि पाणी चटका देणारं काढतो. बादलीत आधी थंड पाणी, मग गरम. बाबांना हे दोनदा सांग, आपल्याकडची सवय उलटी असते.

आणि गाडी समतळ उभी कर. इंचभर कललेल्या गाडीत शॉवरचं पाणी जाळीकडे जात नाही, दाराकडे येतं.

प्रश्न: मिशिगनमध्ये १९९२ सालचं मोटरहोम घेतलं. बाथरूम उघडली तर आत करड्या रंगाचे प्लास्टिकचे पाइप निघाले. गळत नाहीत. तसेच ठेवू का?

उत्तर: ते पॉलिब्युटिलीन असणार. पाण्यातल्या क्लोरीनने ते आणि त्यांचे सांधे आतून ठिसूळ होतात. याच तक्रारींवरून अमेरिकेत मोठा सामूहिक दावा चालला, १९९५मध्ये त्याची तडजोड झाली आणि त्याच सुमाराला हे पाइप बनणं बंद झालं. आज गळत नाहीत ही तुमची पुण्याई. भिंत उघडीच आहे तर हात पोचतील तिथपर्यंत पेक्सचे, म्हणजे हल्लीच्या लवचिक प्लास्टिकचे पाइप टाका. जुन्या आणि नव्याच्या जोडावर साधा पेक्सचा सांधा घालू नका. बाहेरून दोन्ही सारखे दिसतात, पण आतला व्यास वेगळा असतो. पॉलिब्युटिलीन ते पेक्स असं स्पष्ट लिहिलेलाच सांधा मागा.

प्रश्न: आम्ही पुण्यात आहोत. फोर्स ट्रॅव्हलर घेऊन त्यात स्वतः छोटं बाथरूम करायचं आहे. तुमचे सल्ले इथे चालतील का?

उत्तर: पाण्याचे आणि वजनाचे चालतील. कागदपत्रांची गोष्ट वेगळी. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीत मूळ नोंदणीपेक्षा वेगळे बदल करता येत नाहीत आणि २०१९च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने हे कलम कडकपणेच वाचलं आहे. म्हणून करवत हातात घेण्याआधी आरटीओत जा आणि कॅम्पर व्हॅन म्हणून नोंदणी कशी होईल ते विचारा. महाराष्ट्राचं कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण २०२१ला आलं, त्याची प्रतही बरोबर न्या.

बाथरूममध्ये काळी टाकी बसवू नका. अमेरिकेत ती रिकामी करायला जागोजाग सोय असते, तुम्ही ती महाबळेश्वरच्या घाटात कुठे ओतणार? युरोपात चालतो तसा कॅसेटचा कमोड बघा. खालचा अठरा-वीस लिटरचा डबा बाहेरून ओढून काढायचा आणि कुठल्याही संडासात ओतायचा. धुण्याचं पाणी त्यात पडलं की डबा लवकर भरतो, तेव्हा दोघांना दिवसाआड रिकामा करावा लागेल असं धरून चाला. शॉवर आणि कमोड एकाच ओल्या खोलीत करा, ट्रॅव्हलरमध्ये वेगळं करायला जागा नाही. भिंतींना एफआरपी मिळाला नाही तर पीव्हीसीचे पोकळ तक्ते चालतील, फक्त त्यांची वरची कापलेली कड सीलंटने बंद करा. उघडी ठेवलीत तर पाणी पोकळीतून थेट तळाला जातं.

प्रश्न: बाथरूम नवी केली, तरी गाडी चालवून आलो की वास येतो. सांधे सगळे तपासले.

उत्तर: सांध्यांचा दोष नसेल. शॉवरखालच्या वाकड्या नळीत पाणी साचून वास अडवला जातो. गाडी हिसके खाते तेव्हा ते पाणी उसळून निघून जातं, आणि गाडी महिनाभर उभी राहिली तर वाळून जातं. मुक्कामी पोचलात की प्रत्येक जाळीत तांब्याभर पाणी ओता. तेवढ्याने वास गेला तर कारण सापडलं. कायमचा उपाय हवा असेल तर त्या नळीच्या जागी हेप्व्हो नावाचा बिनपाण्याचा व्हॉल्व्ह बसतो. आत रबरी पडदा असतो, पाणी गेलं की तो मिटतो.

पाणी ओतूनही वास राहिला तर कमोडच्या तळाची रबरी कडी बघा. पाण्याच्या दाबाची चावी बंद करून दांडा पायाने दाबून धरा आणि हातमोजा घालून कडीच्या खालून बोट फिरवा. कागदाचा कपटा किंवा क्षाराचा खडा अडकलेला सापडेल. कडी वाळून आकसली असेल तर नवी घाला. ती कमोडच्या मॉडेल क्रमांकावरून मिळते आणि क्रमांक बहुधा बैठकीमागच्या चिकटपट्टीवर असतो. बसवल्यावर भांड्यात दोन इंच पाणी ठेवून रात्रभर सोडा. सकाळी पाणी तेवढंच दिसलं तर काम झालं.